कर्तृनिश्चितीची भाषा : मतयंत्रणेवरील हल्ल्यांसंबंधीच्या एका अहवालाचे परीक्षण

१

निवडणुकीच्या यंत्रणेत कोणाला शिरता येते काय, कोणी शिरून मते बदलली काय, आणि शिरणारा कोण होता, हे तीन प्रश्न वस्तुतः निरनिराळे आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही. आणि दुसऱ्याचे मिळाले तरी तिसरा शिल्लक राहतोच. परंतु गेल्या काही वर्षांत या विषयावर जे विपुल लेखन झाले, त्यात या तिन्ही प्रश्नांची सरमिसळ झालेली आढळते. एका पक्षाने शक्यतेवरून घटना सिद्ध मानावी आणि दुसऱ्याने पुरावा न सापडण्यालाच निर्दोषत्वाचा पुरावा मानावे, असा हा वाद चालला आहे. या सरमिसळीचे मूळ बऱ्याच अंशी भाषेत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

विवेचनासाठी अमेरिकेच्या गुप्तवार्ता-संस्थांनी ६ जानेवारी २०१७ रोजी प्रसिद्ध केलेला अहवाल येथे घेतला आहे. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील रशियाच्या कारवाया हा त्याचा विषय. हा अहवाल आटोपशीर आहे. त्याचा उल्लेख उभय पक्षांनी वारंवार केला आहे. आणि मुख्य म्हणजे आपण कोणते विधान किती खात्रीने करीत आहोत, हे सांगण्याचा त्यात जाणीवपूर्वक प्रयत्न आहे. त्याच्या जोडीला, याच घटनांविषयीचे १३ जुलै २०१८ चे आरोपपत्र आणि सिनेटच्या गुप्तवार्ता-समितीच्या अहवालाचा जुलै २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला खंड यांचाही विचार केला आहे.

२

प्रथम 'हॅक' या शब्दाचाच विचार करू. २०१६ च्या संदर्भात या एका शब्दाखाली किमान तीन क्रियांचा समावेश झाला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या संगणकांतून पत्रव्यवहार चोरून तो प्रसिद्ध करणे, ही पहिली. राज्यांच्या निवडणूक-मंडळांकडील मतदारयाद्यांच्या संग्रहात शिरणे, ही दुसरी. मते नोंदविणाऱ्या वा मोजणाऱ्या यंत्रात फेरफार करणे, ही तिसरी. पहिल्या दोन क्रिया घडल्याचा पुष्कळ पुरावा पुढे आला. तिसरी घडल्याचा आला नाही. तथापि 'निवडणूक हॅक झाली' असे म्हटले की ऐकणाराच्या मनात बहुधा तिसरीच उभी राहते. चोरी पत्रांची झाली आणि शंका मतपेटीवर आली, असा हा प्रकार आहे.

मराठीत तर याहून सूक्ष्म अशी एक अडचण आहे. 'बदलणे' हे आपले क्रियापद अकर्मक व सकर्मक असे दोन्ही प्रकारे चालते. 'मते बदलली' या वाक्यात मते आपोआप, म्हणजे यंत्रातील बिघाडाने, बदलली असाही अर्थ होतो. आणि कोणीतरी ती बदलली, परंतु त्या कर्त्याचा उच्चार केलेला नाही, असाही होतो. वाक्याचे रूप एकच. मात्र पहिल्या अर्थाचे वाक्य पूर्ण आहे आणि दुसऱ्या अर्थाच्या वाक्यात कर्त्याची जागा रिकामी आहे. ही रिकामी जागा भरण्याच्या कार्याला या लेखात 'कर्तृनिश्चिती' म्हटले आहे. ती भरण्यापूर्वी ती जागा मुळात आहे की नाही, हे ठरवावे लागते, ही गोष्ट बहुतेक लेखक विसरतात.

उत्तर कॅरोलायना राज्यातील डरहॅम परगण्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी तेथील मतदान केंद्रांवर मतदारांची नावे तपासणाऱ्या संगणकांनी गोंधळ घातला. ते बाजूला ठेवून कागदी याद्यांवर काम चालवावे लागले, आणि रांगा लांबल्या. पुढे ही सामग्री पुरविणाऱ्या कंपनीवर रशियन हेरांचा डोळा होता अशी वार्ता आली, तेव्हा बिघाडाला एकाएकी कर्ता लाभला. प्रत्यक्ष तपासणी संघराज्याच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये केली, आणि घुसखोरीचा निश्चित पुरावा त्यांस आढळला नाही. अकर्मक वाक्य सकर्मक म्हणून वाचले गेले होते; ते पूर्ववत् वाचण्यास तीन वर्षे लागली.

३

पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे शक्यतेच्या प्रश्नाचे, उत्तर निःसंदिग्ध आहे. मतयंत्रणेत फेरफार करता येतो. २००५ च्या डिसेंबरात फ्लोरिडातील लिऑन परगण्यात, तेथील निवडणूक-अधिकाऱ्यांच्या संमतीने, हॅरी हर्स्टी या फिनलंडच्या संगणकतज्ज्ञाने एक प्रयोग केला. आठ जणांनी मतपत्रिका भरल्या. 'होय' म्हणणारे दोन आणि 'नाही' म्हणणारे सहा. यंत्राच्या स्मृतिपट्टीत आधीच केलेल्या फेरफारामुळे निकाल छापून आला तो सात 'होय' आणि एक 'नाही' असा. येथे एवढेच ध्यानात ठेवावे की मूळ मतपत्रिका कागदी होत्या, म्हणून खरा निकाल काय तो सांगता आला.

२०१० मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या निवडणूक-मंडळाने इंटरनेटवरून मत देण्याची एक योजना सार्वजनिक चाचणीस ठेवली. मिशिगन विद्यापीठातील अध्यापक जे. अ‍ॅलेक्स हॉल्डरमन व त्यांचे विद्यार्थी अठ्ठेचाळीस तासांच्या आत तिच्यात शिरले, दिलेली मते त्यांनी बदलली, आणि मत देऊन झाल्यावर आपल्या विद्यापीठाचे क्रीडागीत वाजेल अशी व्यवस्था केली. अधिकाऱ्यांच्या ध्यानात हा प्रकार येण्यास कामकाजाचे सुमारे दोन दिवस लागले, आणि तोही त्या संगीताविषयी कोणी पृच्छा केली म्हणून. म्हणजे हल्लेखोराने स्वतःच वाजत-गाजत येण्याचे ठरविले नसते तर तो केव्हा सापडला असता, हे सांगणे कठीण. याच प्रयोगात आणखी एक गोष्ट निदर्शनास आली. इराण, चीन आणि भारत या देशांतील संगणकांवरूनही त्या यंत्रणेची कुलुपे चाचपडली जात होती. पण मिशिगनच्या मंडळींनी त्यावरून त्या देशांच्या सरकारांवर ठपका ठेवला नाही. संगणकाचा पत्ता म्हणजे माणसाचा पत्ता नव्हे; दुसऱ्याच्या घरातून फेकलेल्या दगडावरून घरमालकास धरता येत नाही.

हॉल्डरमन यांचे नाव आपल्याकडेही ऐकिवात आहे. भारतीय मतदान यंत्रात बाहेरून सामग्री बसवून निकाल कसा बदलता येईल, हे त्यांनी दोन सहकाऱ्यांसह २०१० मध्येच दाखविले. अनामिक व्यक्तीकडून मिळालेले ते यंत्र मुंबईतील असल्याने चोरीचा तपास मुंबई पोलिसांकडे आला, आणि त्या संशोधकांपैकी एकास ऑगस्ट २०१० मध्ये अटकही झाली. यंत्र कोठून आले याचा शोध मात्र यंत्रात काय करता येते या प्रश्नाचे उत्तर नव्हे. येथेही तिसऱ्या प्रश्नाने पहिल्याची जागा घेतली.

तथापि या प्रयोगांचे मोल सांगतानाच त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते 'शकते' या क्रियापदाचे पुरावे आहेत, 'केले' या क्रियापदाचे नव्हेत. हा भेद खुद्द संशोधकांनी कटाक्षाने पाळला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील निवडणूक चोरीस गेल्याचा आरोप झाला, तेव्हा एकोणसाठ तज्ज्ञांनी संयुक्त पत्रक काढले. हॉल्डरमन आणि हर्स्टी हे दोघेही त्यात होते. यंत्रांत उणिवा आहेत हे आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो. पण उणीव दाखविणे म्हणजे हल्ला झाल्याचे सिद्ध करणे नव्हे, असा त्यांच्या पत्रकाचा आशय होता. आपल्याच संशोधनाचा गैरवापर होताना पाहून त्यास आवर घालण्यास अभ्यासकाने पुढे यावे, हे विद्येस शोभणारेच आहे.

४

आता मुख्य अहवालाकडे वळू. त्यातील विधाने दोन प्रकारची आहेत. काही साध्या भूतकाळात येतात : रशियन हेरखात्याने अनेक राज्य व स्थानिक निवडणूक-मंडळांच्या यंत्रणेत प्रवेश मिळविला. इतर विधानांपुढे 'आम्ही असे मूल्यमापन करतो' हे शब्द येतात. जी यंत्रे लक्ष्य झाली त्यांचा मतमोजणीशी संबंध नव्हता, हे वाक्य याच दुसऱ्या प्रकारचे आहे. मतदाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असे हे वाक्य. पण ते निरीक्षणाचे नसून अनुमानाचे आहे. आणि रशियाच्या कारवायांचा निकालावर काय परिणाम झाला याचा विचार आम्ही केलेला नाही, असेही अहवालात स्पष्टपणे म्हटले आहे. इतका स्पष्ट नकार वाचूनही पुढे वर्षानुवर्षे या अहवालाच्या आधारे निकालाविषयी भांडणे झाली, याचा दोष अहवालाचा नव्हे, वाचकांचा आहे.

'मूल्यमापन करतो' हे भाषांतर मला समाधानकारक वाटत नाही. मराठीत ज्ञानाच्या पायऱ्या आपण क्रियापदाच्या रूपाने दाखवितो. 'तो आला' हे पाहिलेले; 'तो आला असला पाहिजे' हे भक्कम खुणांवरून काढलेले; 'तो आला असावा' हे संभाव्य; 'तो आला असेल' हे त्याहून सैल; आणि 'तो आला म्हणे' हे नुसते ऐकीव. अहवालातील इंग्रजी क्रियापद या मधल्या तिन्ही पायऱ्यांवर सारखेच वावरते, आणि म्हणून त्याला 'उच्च विश्वासाने', 'मध्यम विश्वासाने' अशी विशेषणे जोडावी लागतात. त्यांचा अर्थ परिशिष्टात दिला आहे. 'उच्च विश्वास' म्हणजे माहिती चांगल्या प्रतीची व अनेक मार्गांनी आलेली आहे एवढेच. निष्कर्ष ही वस्तुस्थिती आहे वा निश्चित आहे असे नव्हे, तो चुकीचाही ठरू शकेल, असे तेथे बजावले आहे. ही प्रामाणिकता स्तुत्य होय. पण ती शेवटच्या पानांत आहे, आणि वृत्तपत्रे पहिली पाने वाचतात.

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकन गुप्तवार्ता-विभागातील शेर्मन केन्ट यांनी १९६४ मध्ये याच विषयावर एक निबंध लिहिला. १९५१ मध्ये त्यांच्या मंडळाने युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' आहे असे लिहिले होते. या शब्दांनी आपणास किती संभव अभिप्रेत होता, हे केन्ट यांनी नंतर सहकाऱ्यांस विचारले. एकाच्या मनात शंभरात वीस होते, तर दुसऱ्याच्या मनात ऐंशी. केन्ट यांच्या स्वतःच्या मनात पासष्ट. ज्यांनी एकत्र बसून वाक्यावर संमती दिली, त्यांचीच ही स्थिती. वाक्य एक होते, मत एक नव्हते.

२०१७ च्या अहवालात या अनुभवाचा लाभ अंशतः घेतलेला दिसतो. रशियाच्या अध्यक्षांनी ट्रम्प यांच्या विजयास साह्य व्हावे अशी इच्छा धरली, या निष्कर्षावर दोन संस्थांचा विश्वास 'उच्च' तर तिसऱ्या संस्थेचा 'मध्यम' असल्याचे त्यात उघड नमूद आहे. मतभेद झाकला नाही, हा गुण. पुढे एप्रिल २०२० मध्ये सिनेटच्या समितीने अहवालाची रीत समाधानकारक ठरविली; तर जुलै २०२५ मध्ये सीआयएने स्वतःच केलेल्या फेरतपासणीत नेमक्या याच निष्कर्षाच्या 'उच्च' मात्रेवर व अहवालाच्या घाईवर आक्षेप घेतला गेला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी की हा वाद कृतीविषयी नसून इच्छेविषयी आहे. घुसखोरी कोणी केली हे खुणांवरून कळू शकते. ती कोणत्या हेतूने केली हे कळणे त्याहून कठीण. असे असता दोन्ही निष्कर्षांस 'विश्वास' हे एकच माप लावणे, हा या अहवालाचा मूलगामी दोष होय. दुसरा दोष असा की प्रसिद्ध भागात पुराव्याचे दर्शन जवळजवळ घडत नाही. उलट एका रशियन दूरचित्रवाणी-वाहिनीवरील २०१२ चे जुने टिपण सात पृष्ठे व्यापून बसले आहे. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर वाचकापुढे प्रतिज्ञा ठेवली आहे, हेतू ठेवलेला नाही. आणि आप्तवाक्य म्हणून ती स्वीकारावी अशी अपेक्षा आहे.

५

दीड वर्षानंतरच्या आरोपपत्रात हे चित्र पालटते. 'आम्ही मूल्यमापन करतो' हे शब्द तेथे नाहीत. कर्ते नामनिर्देशाने येतात : रशियन लष्करी हेरखात्याचे बारा अधिकारी, त्यांची २६१६५ व ७४४५५ ही पथके, त्यांनी भाड्याने घेतलेले संगणक, त्यासाठी वापरलेले आभासी चलन, आणि एका राज्याच्या निवडणूक-मंडळाकडून उचललेली सुमारे ५ लाख मतदारांची माहिती.

भाषाभ्यासकास त्यातील एक प्रकरण विशेष लक्षणीय वाटेल. १५ जून २०१६ रोजी 'गुसिफर २.०' हे नाव धारण करणारी एक व्यक्ती प्रकट झाली आणि पक्षाची कागदपत्रे आपण एकट्याने चोरली असा तिने दावा केला. पुढे ही व्यक्ती स्वतःस रुमानियन म्हणवू लागली. एका पत्रकाराने तिला रुमानियन भाषेतच प्रश्न विचारले, तेव्हा आलेली त्रोटक उत्तरे मातृभाषिकाची वाटत नाहीत, असे ती भाषा जाणणाऱ्यांनी सांगितले. आरोपपत्रात याहून बळकट दुवा आहे. त्याच दिवशी, तो मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी दोन-तीन तास, मॉस्कोतील एका संगणकावरून काही इंग्रजी शब्दसमूहांचा शोध घेतला गेला. आणि तेच शब्दसमूह पुढे त्या मजकुरात आले. त्यांतील 'वर्ल्डवाइड नोन' हा प्रयोग इंग्रजी मातृभाषा असणारा सहसा करणार नाही. परक्या भाषेत लिहिणारा मनुष्य शब्द पडताळून पाहतो. ही आपणा सर्वांची सवय तेथे साक्षीला उभी राहिली.

मात्र भाषिक पुराव्याविषयी आपण हुरळून जाऊ नये. त्याच कागदपत्रांपैकी एकात रशियन लिपीतील 'फेलिक्स एद्मुन्दोविच' हे नाव आढळले, जे सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक जेर्झिन्स्की यांचे होय. ही निष्काळजीपणाची खूण, की थट्टा, की मुद्दाम पेरलेली? नुसत्या नावावरून ठरविता येत नाही. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर आज्ञावलीत अठ्ठावीस भाषांतील सूचना होत्या. त्यांपैकी चिनी सूचना तेवढ्या सफाईदार होत्या आणि बहुतेक अन्य भाषांतील सूचना यंत्राने केलेली भाषांतरे होती, असे विश्लेषकांनी दाखविले; पण अमेरिकेने ठपका ठेवला तो उत्तर कोरियावर. भाषेवरून लिहिणाराचे शिक्षण कळते. त्याचा धनी कळत नाही.

आणि धूर दिसला म्हणून अग्नी आहे हे अनुमान तरी केव्हा खरे? दिसतो तो धूरच असेल, धुके नसेल, तेव्हा. फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियातील हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनावेळी जो हल्ला झाला, त्याच्या आज्ञावलीत उत्तर कोरियाच्या गटाची ओळख पटावी अशी खूण बनावटीने बसविली होती. ती बनावट आहे हे काही आठवड्यांतच एका संरक्षक कंपनीने दाखविले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये आरोप ठेवला गेला तो रशियाच्या त्याच ७४४५५ पथकातील अधिकाऱ्यांवर. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एकटी खूण कितीही ठळक असली तरी अविश्वसनीय. आणि अनेक, परस्परांपासून स्वतंत्र, पैशाच्या, वेळेच्या, भाषेच्या व सवयीच्या खुणा एकाच दिशेने गेल्या तर बनावट टिकत नाही. सारांश, कर्तृनिश्चिती असाध्य नाही; ती सावकाश होते, आणि मतमोजणीच्या रात्री उपयोगी पडत नाही. शिवाय २०१८ च्या आरोपपत्रातील आरोपी न्यायालयापुढे कधी उभे राहिले नाहीत. त्या पुराव्याची उलटतपासणी झालेली नाही, हेही नोंदविले पाहिजे.

६

उरतो तो अभावाचा प्रश्न. मते बदलल्याचे अथवा मतमोजणीच्या यंत्रणेत हस्तक्षेप झाल्याचे कोणतेही चिन्ह आम्हांस दिसले नाही, असे सिनेट-समिती म्हणते. आणि त्याच वाक्यात, या बाबतीतील आपली दृष्टी मर्यादित आहे, अशी पुस्तीही जोडते. हे वाक्य या संपूर्ण वाङ्मयातील सर्वांत काटेकोर वाक्य होय. 'दिसले नाही' आणि 'नव्हते' यांतील अंतर त्यात राखले आहे. घागर नाही हे डोळ्यांनी कळते ते केव्हा, तर ती असती तर दिसली असती अशी परिस्थिती असेल तेव्हा. अंधारात न दिसलेल्या घागरीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. ज्या यंत्राला कागद नाही ते अंधारे घर आहे. तेथे 'पुरावा सापडला नाही' हे वाक्य खरे असूनही निरुपयोगी ठरते.

याउलट जेथे कागद होता तेथे उजेड पाडता आला. २०१६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात फेरमोजणी झाली. विजयी उमेदवाराचे आधिक्य १३१ मतांनी वाढले, एवढाच फरक पडला. नोव्हेंबर २०२० मध्ये जॉर्जिया राज्यात सुमारे ५० लाख मतपत्रिका हातांनी मोजल्या गेल्या, आणि विजयी उमेदवार तोच राहिला. या दोन्ही ठिकाणी 'नाही' हा शब्द अनुपलब्धीने नव्हे, मोजणीने मिळाला.

७

एकंदरीत प्रस्तुत अहवालाविषयी असे म्हणता येईल की आपल्या विधानांच्या मर्यादा सांगण्यात तो प्रामाणिक आहे, घुसखोरीच्या कर्त्याविषयीचा त्याचा निष्कर्ष पुढील पुराव्याने बळकट झाला, आणि हेतूविषयीच्या निष्कर्षात मात्र त्याने आपल्या मापांवर पेलवणार नाही इतका भार टाकला. परंतु त्याच्याकडून मतदाराने जी अपेक्षा केली ती मुळातच अस्थानी होती. चोर कोण, हे हेरखाते व न्यायालय यांनी ठरवावे. मत मोजले गेले की नाही, हे ठरविण्यासाठी मतदारास हेरखात्याच्या 'विश्वासा'वर विसंबावे लागू नये.

रोनाल्ड रिव्हेस्ट व जॉन वॅक यांनी २००६ मध्ये हेच तत्त्व तांत्रिक भाषेत मांडले : यंत्राच्या आज्ञावलीतील न सापडलेल्या चुकीने निकालात न सापडणारी चूक होता कामा नये. जर्मनीच्या घटना-न्यायालयाने ३ मार्च २००९ च्या निर्णयात तेच नागरिकाच्या भाषेत सांगितले : निवडणुकीचे मुख्य टप्पे विशेष तांत्रिक ज्ञानावाचून कोणासही पडताळता आले पाहिजेत. आपल्याकडे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी चिठ्ठीची आवश्यकता मान्य केली, आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली. चिठ्ठी असावी येथपर्यंत एकमत झाले. ती किती ठिकाणी उघडून पाहावी याविषयीचा वाद अजून संपलेला नाही.

निवडणुकीत हरलेल्यास आपण हरलो हे पटावे लागते. त्याला कर्त्याचे नाव सांगून ते पटत नाही, आणि कर्ता सापडला नाही असे सांगूनही पटत नाही. त्याच्यासमोर मोजता येईल असे काहीतरी ठेवावे लागते. 'मते बदलली' या वाक्यातील कर्त्याची जागा पुष्कळदा दीर्घकाळ रिकामी राहील. ती रिकामी असतानाही 'मते मोजली' हे वाक्य निःशंकपणे उच्चारता यावे, एवढी व्यवस्था करणे मात्र आपल्या हाती आहे.